पाळीत काम करणाऱ्या पुरुषाने कॅप्सूलच्या आधी विकत घ्यावी अशी वस्तू: खुणांचं युरिन पॉट

नाइट शिफ्ट करणारा माणूस झोपेतून दोन-तीनदा लघवीला उठू लागला की तो फार्मसीत जातो आणि प्रोस्टेटच्या कॅप्सूलची बाटली घेऊन घरी येतो. त्याच दुकानात, बहुधा मागच्या फळीवर मोठ्यांच्या डायपरशेजारी, एक लिटरचं प्लॅस्टिकचं पुरुषांचं युरिन पॉट असतं. किंमत साधारण शंभर ते अडीचशे रुपये. आमचं मत आधीच सांगून टाकतो: पहिले पैसे त्या पॉटवर घाला. कॅप्सूल महिन्याभरात संपतात आणि त्रास कशामुळे होतो ते शेवटपर्यंत कळत नाही. पॉट तीन दिवसांत दाखवून देतं की मूत्राशय कमी धरतंय, शरीर भलत्या वेळी जास्त लघवी तयार करतंय, की झोपच मोडते आहे आणि लघवी हे उठण्याचं निमित्त आहे. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि मोजल्याशिवाय हा फरक सांगणं डॉक्टरलाही अवघड जातं.

गोव्यात वेर्णा, कुंडई, पिळर्णच्या कारखान्यांत तीन पाळ्या करणारे, मुरगाव बंदरात क्रेनवर बसणारे, दाबोळी आणि मोपाच्या विमानतळांवरचे, मांडवीतल्या कॅसिनोंत पहाटेपर्यंत उभे राहणारे, हॉटेलच्या नाइट डेस्कवरचे, गेटवरचे सिक्युरिटी गार्ड, १०८ चालवणारे, अशांसाठी हे लिहितो आहोत. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला पॉट कसं द्यायचं, तो विषय इथे नाही.

आधी वस्तू. दुकानात 'जेंट्स युरिन पॉट' मागा. बाजारात दुधी रंगाच्या प्लॅस्टिकचं, तिरप्या मानेचं आणि बाजूला मूठ असलेलं मॉडेल सर्वांत जास्त चालतं. स्टीलचंही मिळतं. इस्पितळाला ते सोयीचं, कारण उकळून निर्जंतुक करता येतं. घरी मात्र त्याचा उपयोग कमी, कारण त्यावर मापाच्या खुणा नसतात, आतलं दिसत नाही आणि मध्येच लादीवर आपटलं तर सगळं घर जागं होतं. गाडीत ठेवायच्या जेलच्या पिशव्याही मिळतात. आतली पावडर लघवी शोषून तिचा घट्ट गोळा करते. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरला अडीअडचणीला त्या ठीक आहेत, पण मोजायला निरुपयोगी, आणि एकदा वापरली की कचरा.

प्लॅस्टिकचं पॉट घेताना चार गोष्टी काउंटरवरच पाहा. झाकण लावून पॉट आडवं करा आणि झाकणावर अंगठ्याने हलका दाब द्या. सैल झाकण तिथेच निघून येतं आणि असंच झाकण अंथरुणाशेजारी दगा देतं. मानेच्या काठावरून बोट फिरवा. साच्याच्या जोडावर धारदार कड राहिलेली असते आणि ती बारीक पॉलिश पेपरने घासावी लागते. तळ सपाट आहे ना, पॉट टेबलावर डुगडुगत नाही ना, ते बघा. शेवटचं आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं: खुणा ५० मिलीच्या आहेत की १०० च्या? काही पॉटवर फक्त २५०, ५००, ७५० असे तीन आकडे असतात. तसं घेऊ नका. सगळा निर्णय ८० आणि ३५० मधल्या फरकावर उभा असतो, तिथे अडीचशेच्या पट्टीने काही कळत नाही.

खुणांवर डोळे झाकून विश्वासही ठेवू नका. स्वस्त पॉटच्या खुणा साच्यात उठवलेल्या असतात आणि त्या बऱ्याचदा चुकतात. तपासायची सोपी रीत आहे. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रिकामं पॉट ठेवून काटा शून्यावर आणा आणि १०० ग्रॅम पाणी ओता. १०० ग्रॅम म्हणजे १०० मिली. पाणी कुठवर आलं तिथे बारीक पर्मनंट मार्करने रेघ मारा आणि ५०० पर्यंत असंच करत जा. लघवी पाण्यापेक्षा किंचित जड असते, पण फरक फार तर तीन टक्क्यांचा, तो सोडून द्या. काटा नसेल तर बाळाच्या औषधाबरोबर येणारं मापाचं झाकण किंवा मोठी सिरिंज चालते. दुधी प्लॅस्टिकवर दुधी खूण अंधाऱ्या खोलीत दिसत नाही, त्यामुळे या काळ्या रेघा तशाही लागणारच.

वापरताना होणारी पहिली चूक म्हणजे हातात धरून आकडा वाचणं. पॉट हातात तिरकं होतं आणि शंभर मिलीचा फरक सहज पडतो. सपाट जागेवर ठेवा, डोळा खुणेच्या पातळीला आणा, मग वाचा. दुसरी चूक जास्त महत्त्वाची आहे: पडल्या पडल्या लघवी करणं. ज्यांना प्रोस्टेटचा त्रास आहे त्यांचं मूत्राशय आडव्या स्थितीत पुरतं रिकामं होत नाही. पाय खाली सोडून पलंगाच्या काठावर बसा, अर्धा मिनिट तसेच थांबा, मग पॉट धरा. बसून ओटीपोटाचे स्नायू सैल पडतात आणि प्रोस्टेटची तक्रार असलेल्यांमध्ये मागे उरणारी लघवी कमी होते. झोपेतून ताडकन उभं राहिल्याने येणारी भोवळही टळते. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनसारखी गोळी चालू असेल त्याने तर हे पाळलंच पाहिजे.

पाळीवाल्यांना पॉटचा एक फायदा असा होतो की झोप पूर्ण मोडत नाही. सकाळी साडेनऊला झोपलेला माणूस साडेअकराला उठून बाथरूमपर्यंत जातो तेव्हा वाटेत खिडकीतलं ऊन डोळ्यांवर पडतं. घरातलं कोणी विचारतं, "जेवतोस का रे आता?" हातात मोबाइल येतो. एवढ्याने झोपेचा पुढचा तुकडा गेला. पडदे ओढलेल्या खोलीतच दोन मिनिटांत काम उरकून पुन्हा आडवं होता आलं तर ती झोप वाचते. वास्को आणि झुवारीनगरच्या भाड्याच्या खोल्यांत जिथे बाथरूम बाहेर आणि सामाईक आहे, तिथे या एका कारणासाठीही पॉट घ्यावं.

आता मोजणी. एका कागदावर चार रकाने आखा: वेळ, किती मिली, काय आणि किती प्यायलो, शेरा. शेऱ्यात घाई झाली का, थेंब गळले का, जोर करावा लागला का ते लिहा. झोपायला गेल्याची आणि उठल्याची वेळ वेगळ्या रंगाने लिहा. तीन दिवस. पाळी बदलते तो दिवस घेऊ नका, त्या दिवशी सगळेच आकडे बिघडतात. नाइटचा आठवडा सुरू होऊन दोन दिवस झाले की सुरुवात करा.

हिशेब घड्याळातल्या रात्रीचा नाही, मुख्य झोपेचा करायचा. तुम्ही सकाळी साडेआठ ते दुपारी तीन झोपत असाल तर तेवढा काळ तुमची रात्र. त्या काळात उठून केलेली प्रत्येक लघवी 'झोपेची', आणि तीनला उठल्यावरची पहिलीसुद्धा झोपेचीच, कारण ती झोपेतच तयार झाली. झोपण्याआधी केलेली मात्र त्यात धरायची नाही. डॉक्टरकडे 'रात्री एकदाही उठत नाही' असं प्रामाणिकपणे सांगणारा नाइटवाला असतो. तो रात्री जागाच असतो. त्याची तक्रार दिवसाची आहे आणि विचारणाऱ्याने विचारलेलं असतं रात्रीचं.

कामावर पॉट न्यायचं कसं, ही खरी अडचण. दुसरं पॉट कापडी पिशवीत घालून लॉकरमध्ये ठेवता आलं तर उत्तम. नाही तर रुंद तोंडाची अर्ध्या लिटरची प्लॅस्टिकची बरणी घ्या, तिच्यावर वरच्याच रीतीने रेघा मारा आणि बॅगेत टाका. तेही शक्य नसेल तर कामावर फक्त वेळ लिहा आणि घरी मिली मोजा. चोवीस तासांची बेरीज मिळणार नाही, पण झोपेतले आकडे मिळतील आणि अर्धी गोष्ट तेच सांगतात.

समजा एकाचे आकडे असे आले: झोपेत ३५०, मग ४००, उठल्यावर ४५०. एकूण १,२००. चोवीस तासांची बेरीज २,४००. म्हणजे निम्मी लघवी झोपेत तयार झाली. दर वेळी चारशेच्या घरात लघवी होते म्हणजे मूत्राशय व्यवस्थित धरतंय आणि व्यवस्थित सोडतंय. या माणसाने प्रोस्टेटच्या मागे लागण्यात अर्थ नाही. त्याचं मूत्रपिंड झोपेच्या वेळी जास्त लघवी बनवतंय. वैद्यकात याची ढोबळ मर्यादा अशी धरतात: तरुण माणसात झोपेचा वाटा चोवीस तासांच्या २० टक्क्यांच्या वर, आणि पासष्टीच्या पुढे ३३ टक्क्यांच्या वर गेला तर तो जास्त. मधल्या वयात या दोन आकड्यांच्या मधलं काहीतरी.

दुसऱ्याचे आकडे ८०, १००, उठल्यावर १५०, आणि दिवसभरात एकदाही १६० च्या वर नाही. बेरीज १,५००. झोपेचा वाटा २२ टक्के, म्हणजे फारसा वावगा नाही. इथे साठवण कमी पडते आहे. एक तर मूत्राशय लवकर आवळतंय, किंवा पूर्ण रिकामं होत नाही म्हणून पुन्हा लवकर भरतंय. वय पन्नाशीच्या आसपास असेल, धार बारीक असेल, सुरू व्हायला वेळ लागत असेल तर प्रोस्टेटचा संशय इथे घ्यायचा. या माणसाला युरोफ्लो (धारेचा वेग मोजणारी तपासणी) आणि मागे किती उरलं ते पाहणारी लघवीनंतरची सोनोग्राफी हवी.

तिसरा नमुना पाळीवाल्यांत खूप दिसतो आणि तो सहसा कोणी ओळखत नाही. झोपेत तीनदा उठला, प्रत्येक वेळी ७० ते १२०, पण जागेपणी आरामात ३५० होते. मूत्राशयात जागा आहे, लघवीही जास्त नाही. हा माणूस लघवीमुळे उठलेला नाही. पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा, मासे विकायला आलेल्या गाडीचा हॉर्न, शेजारचं बांधकाम, मे महिन्यातला उकाडा, यांनी तो उठला आणि उठलोच आहे तर जाऊन येऊ म्हणून गेला. रोज असं केलं की मूत्राशयालाही थोडक्यावर हाक मारायची सवय लागते. याला गोळी नको, झोप हवी. दुहेरी जाड पडदे, फोमचे इअरप्लग (बोटांत वळून बारीक करायचा, कान वर ओढून आत घालायचा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद दाबून धरायचा), पंख्याचा एकसुरी आवाज, आणि घरच्यांशी ठरवून घेतलेली वेळ. त्या वेळात दाराची बेल बंद.

आता पाळीवाल्यासाठी एक खबरदारी, जी लघवीच्या नोंदीच्या छापील फॉर्मवर लिहिलेली नसते. हे २० आणि ३३ टक्क्यांचे आकडे रात्री झोपणाऱ्यांवरून आले आहेत. मेंदूतून सुटणारं व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक मूत्रपिंडाला लघवी आटोक्यात ठेवायला सांगतं. शिवाय मूत्रपिंडाला स्वतःचंही घड्याळ असतं. दोन्हींमुळे रात्री लघवी कमी आणि घट्ट होते, दिवसा जास्त आणि पातळ. सहा दिवसांच्या नाइटने हे घड्याळ पूर्ण फिरत नाही. तुम्ही सकाळी नऊला झोपता तेव्हा शरीराच्या हिशेबी लघवी बनवायची वेळ सुरू झालेली असते. त्यातच झोप तोडल्याने लघवी आणि तिच्यातलं मीठ वाढतं, हे माणसांना रात्रभर जागं ठेवून केलेल्या प्रयोगांत दिसलं आहे. त्यामुळे नाइटच्या आठवड्यात झोपेचा वाटा चढणारच. म्हणून दोन नोंदी करा, एक नाइटच्या आठवड्यात आणि एक फर्स्ट शिफ्टच्या. दोन्हीत वाटा चढलेला असेल तर कारण शरीरात शोधायचं. फक्त नाइटला चढत असेल तर घड्याळात, चहात, मिठात आणि पायांत.

पायांत म्हणजे काय? आठ-दहा तास उभं राहिलं की पाणी पायांत उतरतं. नडगीच्या हाडावर अंगठ्याने दहा सेकंद दाबा. खळगा राहिला तर तिथे पाणी साचलेलं आहे. तुम्ही आडवे झालात की ते रक्तात परत येतं आणि पुढच्या दोन-तीन तासांत मूत्रपिंड ते बाहेर काढतं. कॅसिनोत उभं राहणाऱ्यांच्या आणि पॅकिंग लाइनवरच्यांच्या नोंदीत पहिलीच उठावणी मोठ्या आकड्याची दिसते ती यामुळे. उपाय फुकट आहे. घरी आल्यावर लगेच झोपू नका, पाऊण ते एक तास पाय उशीवर छातीच्या पातळीच्या वर ठेवून पडा, जागे राहा, लघवी करून या आणि मग झोपा. कामावर घट्ट मोजे घालायचेही चालतात, मात्र मधुमेह किंवा पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असेल तर विचारल्याशिवाय नको. एकच पाय सुजला असेल, किंवा सूज रोजचीच असून दम लागत असेल, तर हा उपाय करत बसू नका, डॉक्टरला गाठा. ब्लडप्रेशरच्या ॲम्लोडिपिनने पाय सुजतात. तसं असेल तर गोळी बदलता येते.

मिठाचा परिणाम लोकांना खरा वाटत नाही. जपानमध्ये रात्री उठणाऱ्या रुग्णांना मीठ कमी करायला सांगितलं. ज्यांनी रोजचं मीठ १०.७ ग्रॅमवरून ८ ग्रॅमवर आणलं, त्यांचं रात्री उठणं सरासरी २.३ वरून १.४ वर आलं. ही नोंद २०१७ साली जाहीर झाली. बाटलीतल्या कोणत्याही कॅप्सूलपेक्षा हा गुण जास्त आहे. नाइटच्या डब्यात काय असतं ते आठवा: फरसाण, वेफर्स, मसाल्याच्या पुडीसकट इन्स्टंट नूडल्स. सकाळी घरी पेज आणि तिच्याबरोबर मिसकूट (कैरीचं लोणचं) किंवा भाजलेला सुका बांगडा. पेज सोडायची नाही, ती पोटाला चांगली. झोपायच्या आधीच्या त्या जेवणातलं खारं काढा, तेवढंच.

चहाचा अर्धा अंमल पाच-सहा तासांनीही शरीरात असतो. सकाळी आठला झोपायचं असेल तर शेवटचा चहा रात्री दोनपर्यंत. पहाटे पाचचा जो चहा सगळ्यांना हवासा वाटतो, झोप आणि मूत्राशय दोन्ही तोच बिघडवतो. पाणी तोडू नका. गोव्याच्या दमट उकाड्यात घाम गाळणाऱ्याने पाणी तोडलं तर लघवी गडद होते, जळजळते आणि मुतखड्याला आमंत्रण मिळतं. पाण्याचा मोठा भाग पाळीच्या पहिल्या अर्ध्यात प्या, शेवटच्या दोन तासांत तहानेपुरतं. आणि झोप यावी म्हणून सकाळी घेतलेली फेणी किंवा हुर्राक व्हॅसोप्रेसिन दाबते. झोप लागते, पण दोन तासांत भरलेलं मूत्राशय उठवतं.

पॉटने आणखी एक मोठी गोष्ट उघडी पडते, ती म्हणजे चोवीस तासांची बेरीज. वजनाच्या दर किलोला ४० मिलीच्या वर, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला २.८ लिटरच्या वर लघवी होत असेल आणि तुम्ही हट्टाने पाणी पीत नसाल, तर आधी उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी) करा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वाधिक गोव्यात निघालं, २६.४ टक्के. म्हणजे ही तपासणी इथे शेवटी नाही, पहिल्यांदाच करायची. साखरेसाठी डॅपाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू असेल तर तिच्यामुळेही लघवी वाढते, ते कागदावर लिहून ठेवा.

घोरणं, झोपेत श्वास अडकून दचकणं, उठल्यावर डोकं जड: हे असेल आणि झोपेतले आकडे मोठे असतील तर स्लीप स्टडीबद्दल विचारा. श्वास अडकला की हृदयावर ताण येतो आणि त्यातून लघवी वाढवणारं संप्रेरक सुटतं. मशीन लावून श्वास सुरळीत झाला की कितीतरी जणांचं उठणं त्याच आठवड्यात कमी होतं.

शेऱ्याच्या रकान्यात सर्दीच्या गोळ्या न चुकता लिहा. पावसाळ्यात फॅक्टरीत सगळेच शिंकत असतात आणि काउंटरवर मिळणाऱ्या पुष्कळ गोळ्यांत क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असतात. एक मूत्राशयाचा जोर कमी करतं, दुसरं मूत्राशयाचं तोंड आवळतं. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी या जोडीने पूर्ण अडू शकते.

आता त्या कॅप्सूलबद्दल, कारण पॉटशी खरी स्पर्धा तिचीच आहे. अनेकींत सॉ पामेटो (एका पामच्या फळाचा अर्क) हा मुख्य घटक असतो. २००६ साली २२५ पुरुषांवर वर्षभर केलेल्या चाचणीत तो आणि खोटी गोळी यांत फरक आढळला नाही. २०११ साली नेहमीच्या तिप्पट मात्रेपर्यंत देऊन पाहिलं, तरीही नाही. आमच्या लेखी एवढं पुरे आहे. महिन्याला काही शे रुपये त्यावर घालू नयेत. लघवीचं सिरप म्हणून मिळणारं सायट्रेट जळजळ थोडी शमवतं, पण वारंवार होणाऱ्या लघवीवर ते औषध नाही आणि त्यातल्या बऱ्याच सिरपांत सोडियम असतं, म्हणजे ब्लडप्रेशरवाल्याला उलटं. व्हॅसोप्रेसिनसारखं काम करणारं डेस्मोप्रेसिन हे औषध झोपेतली लघवी खरोखर कमी करतं, पण रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीला उतरवू शकतं. ओळखीच्याच्या चिठ्ठीवर ते कधीही घेऊ नका.

डॉक्टरने टॅम्सुलोसिन दिली तर पाळीवाल्याने एक प्रश्न विचारून घ्यावा: पाळी बदलते तेव्हा गोळी कधी? ती रोज एकाच जेवणानंतर अर्ध्या तासाने घ्यायची असते. उपाशीपोटी घेतली तर अंमल जास्त चढतो आणि उभं राहताना चक्कर येते. क्रेनवर, शिडीवर, फोर्कलिफ्टवर असणाऱ्याने पहिले काही दिवस गोळी आणि कामाची वेळ यांत अंतर राहील असं ठरवून घ्यावं. पुढेमागे मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर या गोळीचं नाव डोळ्यांच्या डॉक्टरला आधी सांगायचं.

पॉट काय करू शकत नाही तेही सांगितलं पाहिजे. मागे किती लघवी उरली ते ते दाखवत नाही, धारेचा वेग दाखवत नाही. त्यासाठी युरोफ्लो आणि सोनोग्राफीच लागते. युरोफ्लोला किमान १५० मिली लघवी व्हावी लागते, नाहीतर आलेख विश्वासाचा नसतो. वेग सेकंदाला १५ मिलीच्या वर असेल तर सहसा काळजी नाही, १० च्या खाली असेल तर अडथळा किंवा अशक्त मूत्राशय. नाइटवाले इथे एक घोळ करतात. ड्युटी संपवून थेट सेंटरवर जातात, नंबर लांब असतो, दीड लिटर पाणी पिऊन तासभर कळ सोसतात. अति ताणलेलं मूत्राशय नीट रिकामं होत नाही आणि रिपोर्टवर 'उरलेली लघवी जास्त' असं येतं. झोप काढून जा, साधी घाई होईल इतकंच भरा, आणि आकडा संशयास्पद वाटला तर थोड्या वेळाने दुसऱ्यांदा लघवी करून पुन्हा मोजायला सांगा. घरच्या नोंदीचा कागद बरोबर न्या. तो पाहणाऱ्या डॉक्टरची पहिली पाच मिनिटं वाचतात.

कामावर लघवी धरून ठेवणं हा वेगळा मुद्दा, पण नोंदीत तो स्पष्ट दिसतो: पाळी संपल्यावर ७००-८०० मिली एकदम. रोज असं ताणलं तर मूत्राशयाचा स्नायू सैल पडतो. लाइन सोडता येत नाही हे कारण खरं असलं तरी नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्यातही, कामगार आवारात असेपर्यंत केव्हाही वापरता येईल अशी स्वच्छतागृहाची सोय मालकाने करायची होती. बदली माणूस मागून घ्या.

स्वच्छतेत हयगय केली तर हीच वस्तू घरात नकोशी होते. वापरलं की लगेच ओता आणि साध्या पाण्याने विसळा, दिवसातून एकदा साबण आणि लांब दांड्याचा बाटलीचा ब्रश. आतून पांढरट-पिवळा थर बसतो, वास त्याच थराचा असतो. आठवड्यातून एकदा अर्धा कप व्हिनेगर आणि तेवढंच पाणी घालून अर्धा तास ठेवलं की थर सुटतो. ब्लीच वापरायचं असेल तर पॉट आधी पूर्ण विसळलेलं हवं. लघवीवर किंवा व्हिनेगरवर ब्लीच ओतलं तर विषारी वायू सुटतो आणि लहान बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. जून ते सप्टेंबर गोव्यात काहीच वाळत नाही, तेव्हा पॉट झाकण काढून, तोंड खाली करून वाऱ्याच्या जागी टांगा. झाकण लावून ओलं ठेवलं की दोन दिवसांत बुरशी. वर्षभरात प्लॅस्टिक पिवळं पडतं आणि वास धरतं, मग नवं आणा. घरात आजारी माणूस असेल तर त्याचं पॉट वेगळं.

आमच्या दृष्टीने वस्तूचे दोष दोनच: मापात ढिलाई आणि झाकणं. पहिल्यावर मार्करने मात करता येते, दुसऱ्यावर दुकानातच पारखून.

काही वेळा मात्र पॉट बाजूला ठेवून निघायचं असतं. घाई आहे, ओटीपोट टणक झालं आहे आणि लघवीचा थेंब येत नाही, तर पाणी पिऊन जोर करत बसू नका. बांबोळीला गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), म्हापशात किंवा मडगावात जिल्हा इस्पितळ, जे जवळ असेल तिथल्या कॅज्युअल्टीत जा, रात्री असेल तर १०८ बोलवा. तिथे नळी घालून मूत्राशय मोकळं करतात. लघवीतून रक्त एकदा जरी दिसलं, दुखत नसलं आणि आपोआप थांबलं तरी, तपासणी टाळायची नाही. थंडी वाजून ताप आणि लघवीला आग असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. निघताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं खिशात टाका, सर्दीच्या गोळीचंसुद्धा.